नऊ पिनांतून आलेली ओळ

प्रयोगशाळेतल्या वजनकाट्याकडे आपण नेहमी समोरून बघतो. काचेची पेटी, आत स्टीलची थाळी, खाली चार दशांश स्थळांचा आकडा. मागे कुणी फारसं जात नाही. तिथं पॉवरच्या वायरीशेजारी नऊ पिनांचं एक पोर्ट असतं. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या लॅबमध्ये माझं जाणं-येणं आहे, तिथल्या बहुतेक काट्यांच्या पोर्टवर खोक्यातून निघताना होतं ते प्लॅस्टिकचं टोपण अजून तसंच आहे. काटा वजन सांगायला तयार आहे, एकक लावून, आकडा स्थिर आहे की हलतोय तेही सांगून. आणि आपण समोर बसून तो डोळ्यांनी वाचतो, पेनाने वहीत उतरवतो, मग वहीतून एक्सेलमध्ये टाइप करतो.

या उतरवण्यात आकड्यांची अदलाबदल होते, ०.२१८७ चे ०.२१७८ होतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यासाठीच दुसरा माणूस तपासून सही करतो. मला जास्त काळजी वाटते ती निवडीची. आकडा हलत असतो आणि वाचणाऱ्याने कधीतरी थांबून एक उचलायचा असतो. कालच्या बॅचचा आकडा डोक्यात असतो, मर्यादा ठाऊक असते, आणि आकडा त्या अंगाला आला की पेन चालतं. यात लबाडी नसते. अत्यंत प्रामाणिक माणसांच्या हातून हे होतं, कारण डोळा अपेक्षेच्या बाजूला झुकतो. मधले हलणारे आकडे कुठेच राहत नाहीत. पुढे निकालावर प्रश्न आला की वहीत एकच आकडा असतो आणि त्याच्या आधीच्या दोन मिनिटांत काय झालं ते सांगायला कुणी नसतं.

म्हणून मी ते टोपण काढते, काटा केबलने संगणकाला जोडते आणि तो सांगेल ती प्रत्येक ओळ वेळेसकट फाइलीत साठवते.

त्या पोर्टमागचं मानक जुनं आहे. आरएस-२३२ अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९६० मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. टेलिप्रिंटरसारखी यंत्रं मोडेमला जोडता यावीत एवढाच हेतू होता. १९६९ मध्ये त्याची 'सी' आवृत्ती आली आणि पुढे कित्येक वर्षं तीच चालली. नऊ पिनांचा जोड रूढ झाला तो आयबीएमच्या १९८४ च्या एटी संगणकापासून. आज नवीन लॅपटॉपला हे पोर्ट नसतं, पण काटे, पीएच मीटर, कंडक्टिव्हिटी मीटर, टायट्रेटर अशा उपकरणांवर ते अजून भेटतं. मला याचं नवल वाटत नाही. ते इतकं साधं आहे की आत काय चाललंय ते माणसाला पूर्ण समजू शकतं. एक बोलायची तार, एक ऐकायची, एक दोघांची सामाईक जमीन (ग्राउंड). तारेवर उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे एक, अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे शून्य. काही बोलायचं नसेल तेव्हा तार उणे व्होल्टवर थांबून असते.

ही शेवटची गोष्ट मला दांडिया बाजारात आमच्या वाड्यात राहणाऱ्या काकांनी दाखवली. काकांनी नोकरीभर उपकरणं दुरुस्त केली. केबल जोडूनही काहीच येत नाही असं मी म्हटलं, की ते म्हणायचे, "आधी मीटर लाव, मग कंप्युटरला हात लाव." काळी वायर पाच नंबरच्या पिनेवर, लाल आधी दोनवर, मग तीनवर. जिथं उणे पाच ते उणे बारा व्होल्ट दिसतील ती त्या यंत्राची बोलायची तार, जिथं जवळजवळ शून्य दिसेल ती ऐकायची. संगणक तीनवर बोलतो आणि दोनवर ऐकतो. उपकरणही तीनवरच बोलत असेल, तर सरळ केबलने दोघांच्या बोलायच्या तारा एकमेकींना भिडतात आणि ऐकत कुणीच नाही. मग दोन-तीन उलटी केलेली केबल लागते. साध्या मल्टिमीटरने मिनिटाभरात हे कळतं. तेवढ्याच कामाला सॉफ्टवेअर चार वेळा काढून घालणारी माणसं मी पाहिली आहेत. काका आता थकलेत, पण पिन नंबर विचारले की अजून ताडकन सांगतात.

तारा जुळल्या की वेग जुळवायचा. बॉड रेट (बिटांचा वेग), डेटा बिट (मजकुराचे), पॅरिटी (चूक पकडायला जोडलेला बिट), स्टॉप बिट (शेवटचा), हे चारही दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखे हवेत. ९६०० च्या वेगाला एक अक्षर म्हणजे दहा बिट: सुरुवातीचा एक, मजकुराचे आठ, शेवटचा एक. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. काट्याची एक ओळ वीस-बावीस अक्षरांची, त्यामुळे हा वेग मुबलक आहे. काही काटे कारखान्यातूनच २४०० वर, सात बिट आणि सम पॅरिटी लावून येतात. वेग चुकला की पडद्यावर चित्रविचित्र चिन्हं उमटतात. वेग बरोबर पण पॅरिटी चुकली तर फसवं दिसतं, काही अक्षरं नीट आणि काही बिघडलेली. अशा वेळी अंदाज करत बसू नये. काट्याच्या मेनूमध्ये इंटरफेसच्या पानावर सगळं लिहिलेलं असतं. तिथून बघून कागदावर उतरवावं आणि तो कागद काट्याच्या मागेच चिकटवावा.

आता टर्मिनल, म्हणजे तारेवरून आलेली अक्षरं दाखवणारा आणि आपली अक्षरं पाठवणारा साधा प्रोग्रॅम. खिडक्या-बटणांची सॉफ्टवेअर्स मला वर्ज्य नाहीत. उपकरण कंपन्या स्वतःची देतात, त्यांतली काही चांगली आहेत. पण ती त्यांच्या फाइलींत साठवतात, परवाना एका संगणकाला बांधलेला असतो, आणि विंडोजची आवृत्ती बदलली की सगळं अडतं. पूर्वी विंडोजसोबत हायपरटर्मिनल फुकट यायचं, ते व्हिस्टापासून गेलं. आज विंडोजवर टेरा टर्म आहे, त्याला स्वतःची मॅक्रो भाषा आहे. लिनक्सवर पिकोकॉम, मिनिकॉम आहेत. नुसतं ऐकून फाइलीत टाकायचं असेल तर पिकोकॉम लॉग फाइलचं नाव देऊन सुरू केलं की झालं. पण यंत्राला काही विचारायचं, उत्तराची ठराविक वेळ वाट बघायची आणि उत्तर आलं नाही तर वेगळं वागायचं असेल, तर मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो सी-कर्मिट.

कर्मिट १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जन्मला. विद्यापीठाच्या मोठ्या संगणकावर विद्यार्थ्यांच्या फाइलींना जागा अपुरी पडायची. त्या फाइली फ्लॉपीवर उतरवून मुलांना घरी नेता याव्यात, म्हणून फ्रँक डा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी तो रचला. खडखडणाऱ्या, अक्षरं गाळणाऱ्या तारांवरून मजकूर सहीसलामत पोहोचवण्यासाठीच तो घडलेला आहे, म्हणून त्याच्या भाषेत वाट बघणं हे पहिल्या दर्जाचं काम आहे. 'इनपुट' म्हणायचं, किती सेकंद थांबायचं ते सांगायचं, कशाची वाट बघायची ते सांगायचं, आणि ते आलं की नाही यावर पुढची वाट ठरवायची. २०११ मध्ये तो मुक्त परवान्याखाली खुला झाला.

आमची स्क्रिप्ट, म्हणजे कर्मिटला ओळीने द्यायच्या आज्ञा, लांब नाही. पोर्ट उघडते. वेग आणि पॅरिटी लावते. कॅरियर तपासणी, म्हणजे पलीकडे मोडेम जोडला गेलाय का ते बघणं, बंद करते, कारण पलीकडे मोडेम नाही, काटा आहे. आधी साचलेली अक्षरं टाकून देते. मग ठरलेल्या अंतराने काट्याला वजन विचारते आणि ओळ संपल्याची खूण येईपर्यंत जास्तीत जास्त पाच सेकंद थांबते. आलेल्या ओळीच्या आधी तारीख आणि वेळ लिहून ती जशीच्या तशी फाइलीत टाकते. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. वेळ संगणकाची असते, म्हणून संगणकाचं घड्याळ नेटवरून जुळवून ठेवावं लागतं.

या सगळ्यात 'जशीच्या तशी' हे दोन शब्द मी कुणालाही बदलू देत नाही.

स्क्रिप्ट लिहायला बसलेल्या प्रत्येकाला वाटतं, की ओळीतून आकडा तेवढा वेगळा काढावा आणि तोच साठवावा. स्वच्छ रकाना मिळतो, आलेख लगेच निघतो. पण काटे बनवणाऱ्या मेटलर टोलेडो कंपनीच्या एमटी-एसआयसीएस या आज्ञासंचाची एक ओळ घ्या. काट्याला 'एस' पाठवलं की तो स्थिर वजनाची वाट बघून उत्तर देतो. 'एसआय' पाठवलं की असेल ते वजन लगेच देतो. उत्तरात आधी 'एस', मग आणखी एक अक्षर. तिथं पुन्हा 'एस' असेल तर वजन स्थिर, 'डी' असेल तर हलतं. अधिकची खूण असेल तर भार मर्यादेबाहेर. त्यानंतर आकडा आणि एकक. आकडाच उचलला की स्थिरतेची साक्ष गेली, एकक गेलं. कुणी काटा मिलिग्रॅमवर नेला तर तुमच्या रकान्यात हजारपट वजन बसेल आणि कारण सापडणार नाही.

आणि यंत्र फक्त विचारलेलंच बोलतं असंही नाही. असा काटा बंद होऊन पुन्हा सुरू झाला की आपला अनुक्रमांक स्वतःहून पाठवतो. रात्रीच्या नोंदींमध्ये वजनांच्या रांगेत मध्येच अनुक्रमांकाची ओळ दिसली, की समजायचं, वीज गेली होती. टेअर, म्हणजे रिकाम्या भांड्याचं वजन वजा करून धरलेलं शून्य, गेलं, त्यापुढची वजनं वेगळ्या शून्यापासूनची आहेत. आकडा शोधणाऱ्या हुशार स्क्रिप्टने ही ओळ एकतर कचरा म्हणून टाकली असती, नाहीतर त्यातल्या अंकांना वजन समजून घेतलं असतं. ओळ तशीच ठेवली म्हणून सकाळी आलेल्या माणसाला रात्रीची हकीकत वाचता येते.

न आलेल्या उत्तराचंही तसंच. पाच सेकंदांत काही आलं नाही तर आमची स्क्रिप्ट वेळ लिहून पुढे 'उत्तर नाही' असं लिहिते. न लिहिता पुढे गेलं तर फाइल सलग दिसते आणि वाचणाऱ्याला मधलं भगदाड कळत नाही.

एका सापळ्याबद्दल इथं सविस्तर लिहिते, कारण तो पुस्तकांत क्वचित सापडतो. लिनक्समध्ये हे नऊ पिनांचं, म्हणजे सिरिअल, पोर्ट मुळात टर्मिनल समजलं जातं, म्हणजे पलीकडे माणूस टाइप करतोय अशी त्याची समजूत. माणसाला आपलं टाइप केलेलं दिसावं म्हणून आलेलं अक्षर ते परत पाठवतं. पलीकडे काटा असला की काट्याचं वजन काट्यालाच ऐकू जातं. त्याला ती आज्ञा वाटते, कळत नाही, तो चुकीच्या आज्ञेचं 'ईएस' हे उत्तर देतो. तेही परत जातं. पुन्हा 'ईएस'. बघता बघता फाइल त्याच दोन अक्षरांनी भरते आणि काट्याचे मालक म्हणतात, काटा बिघडला. काटा ठणठणीत असतो. एसटीटीवाय या आज्ञेने इको, म्हणजे हे परत पाठवणं, बंद करून पोर्ट 'रॉ' (अक्षरं येतील तशीच घेणारं) करायचं, की हे थांबतं. कर्मिट आणि पिकोकॉम पोर्ट उघडताना हे स्वतःच करतात. लिनक्सच्या 'कॅट' या आज्ञेने थेट वाचणाऱ्यांनी ते आठवणीने करायला हवं.

दुसरी काळजी पोर्टच्या नावाची. नऊ पिनांचं पोर्ट यूएसबीला जोडणारा कन्व्हर्टर लावला की त्याला शून्य नंबर मिळतो, दुसऱ्याला एक. संगणक पुन्हा सुरू झाला की हे नंबर आपसांत बदलू शकतात, आणि मग पीएच मीटरच्या ओळी काट्याच्या फाइलीत. लिनक्स प्रत्येक कन्व्हर्टरला त्याच्या ओळखीवरूनही एक नाव देतं, स्क्रिप्टमध्ये तेच वापरावं. स्वस्त चिपच्या कन्व्हर्टरना वेगळा अनुक्रमांकच नसतो. तिथं यूएसबीच्या कोणत्या भोकात लावलंय त्यावरून मिळणारं नाव वापरायचं आणि त्या भोकावर चिठ्ठी चिकटवायची. आमच्याकडच्या सीनियर ॲनालिस्ट बेननी ती गुजरातीत आणि मराठीत दोन्ही लिहिली आहे.

एवढं सगळं कशासाठी, याचं उत्तर मला आलेखात मिळतं.

पावसाळ्यातलं बडोदं ज्यांना माहीत आहे त्यांना इथली दमट हवा माहीत आहे. विश्वामित्रीच्या काठचं हे गाव तेव्हा भिंतींसकट ओलं असतं. ओव्हनमधून काढलेली वजनाची बाटली डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, पुरेशी थंड न होता काट्यावर आली, तर तिच्या भोवतीची गरम हवा वर चढते आणि बाटली आहे त्यापेक्षा हलकी दिसते. मग जसजशी ती निवते तसं वजन हळूहळू वाढत जातं. आणि आतलं द्रव्य निर्जल कॅल्शियम क्लोराइडसारखं पाणी ओढणारं असेल, तरी वजन हळूहळू वाढतच जातं. समोर बसलेल्याला दोन्ही वेळी एकच दिसतं, शेवटचा अंक वर सरकतोय. वहीत दोन्ही वेळी एकच आकडा पडतो.

दर दहा सेकंदांनी ओळ घेतली की या दोन गोष्टी वेगळ्या होतात. निवणाऱ्या बाटलीची रेघ सुरुवातीला चढते आणि काही मिनिटांत आडवी होते, कारण तापमानातला फरकच संपतो. ओल शोषणाऱ्या द्रव्याची रेघ उघड्या बाटलीत चढतच राहते. झाकण लावलं की तिचा चढ मोडतो. पहिल्याला आणखी वेळ थंड करायचं, दुसऱ्याला झाकण घट्ट लावून पटकन तोलायचं. उपाय अगदी वेगळे, आणि चुकीचा उपाय केला तर त्रास वाढतो. जास्त थंड करायला ठेवलेलं ओलशोषक द्रव्य डेसिकेटरमधलं सिलिका जेल थकलेलं असेल तर तिथंही पाणी ओढत बसतं. हा भेद डोळ्यांनी वाचलेल्या शेवटच्या आकड्यात नाही. तो मधल्या, आपण कधी लिहीतच नव्हतो त्या, हलणाऱ्या ओळींत आहे.

विद्यापीठातून शिकायला आलेल्या मुलाने एकदा मला विचारलं, "ताई, ही सुरुवातीची हलणारी रीडिंगं फाइलमधून काढून टाकू का? निकालात तर घ्यायची नाहीत." मी म्हटलं, "निकालात घेऊ नकोस, पण फाइलीला हात लावू नकोस. निकालाची दुसरी फाइल कर आणि कोणत्या ओळी घेतल्यास ते तिथं लिही." त्याने तसं केलं. पुढच्या आठवड्यात त्याच 'काढायच्या' ओळींवरून त्याने स्वतः शोधलं, की एसीची हवा थेट काट्याच्या टेबलावर येते आहे. एसी सुरू झाला की काटा अस्थिरतेचं 'डी' सांगत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला फार बरं वाटलं.

औषधांच्या लॅबसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचे इलेक्ट्रॉनिक नोंदींबाबतचे 'भाग ११' नियम १९९७ चे आहेत. नोंद कुणी केली, केव्हा केली, नंतर बदलली का, हे दाखवता यावं अशी त्यांची अपेक्षा असते, आणि साधी मजकूर फाइल कुणीही उघडून बदलू शकतो. आम्ही दिवसअखेर फाइल फक्त वाचता येईल अशी करतो, तिचा हॅश (मजकूर जरा बदलला तरी बदलणारा आकडा) काढून वेगळ्या जागी ठेवतो, लॉगिन प्रत्येकाचं वेगळं. तरीही एवढ्याने अशी व्यवस्था प्रमाणित होत नाही. तिथं रीतसर व्हॅलिडेशन, म्हणजे व्यवस्था ठरल्याप्रमाणेच चालते याची लेखी पडताळणी, लागतं आणि त्याला पर्याय नाही. पण संशोधनाच्या, शिक्षणाच्या, लहान कारखान्यांच्या लॅबमध्ये आज जिथं फक्त वही आहे, तिथं ही फाइल वहीच्या शेजारी असली तर वहीचाच भरवसा वाढतो. वही बंद करा असं मी कधीच म्हणत नाही. नमुना कसा दिसत होता, वास कसा होता, हे वहीतच लिहायचं असतं.

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था काढली. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता, की तांत्रिक शिक्षण लोकांच्या भाषेत मिळायला हवं. पुढे १९०७ मध्ये अलेम्बिक या औषध कंपनीच्या स्थापनेत गज्जरांसोबत कोटिभास्कर आणि अमीन होते. या गावातली रसायनशाळांची परंपरा तिथून येते, आणि कलाभवनच्या त्या इमारतीत आज विद्यापीठाचं अभियांत्रिकीचं शिक्षण चालतं. त्या आग्रहाचा मी माझ्यापुरता अर्थ असा घेते, की स्क्रिप्टमधल्या टिपा मराठीत असाव्यात. प्रत्येक आज्ञेच्या वरच्या ओळीत ती का आहे ते मी मराठीत लिहिते आणि बेन खाली गुजरातीत. आजच्या संगणकाला दोन्ही लिप्या सारख्याच चालतात. फक्त सात बिटांवर चालणाऱ्या काट्याला देवनागरी समजणार नाही, म्हणून टिपा तारेवर जाणार नाहीत एवढं बघायचं.

सध्या काम चालू आहे ते एका जुन्या कंडक्टिव्हिटी मीटरचं. पोर्ट आहे, वेग सापडला आहे, दर काही सेकंदांनी तो स्वतःहून एक ओळ पाठवतो आणि तीत चार आकडे असतात. त्यातले दोन पडद्याशी जुळतात, वाहकता आणि तापमान. उरलेल्या दोघांचा अर्थ लागलेला नाही, कारण मॅन्युअलचं शेवटचं परिशिष्ट फाटून गेलं आहे. आम्ही चारही आकडे वेळेसकट साठवतो आहोत. पुढच्या आठवड्यात इलेक्ट्रोड धुऊन, प्रमाणित द्रावण २५ अंशांवर आणि ३५ अंशांवर ठेवून ओळी घ्यायच्या आहेत. तापमानाबरोबर कोणता आकडा हलतो आणि कोणता जागचा हलत नाही, ते बघितलं की निदान एकाचा तरी उलगडा व्हावा.